बेटकरांना मराठी शिकवणारे सर

सर ग्रंथालयात आले की पुस्तकाला हात लावण्याआधी भिंतीवरच्या विजेच्या बटणांचा वास घ्यायचे. नाक अगदी बटणापाशी नेऊन, डोळे मिटून. "जळकट येतंय का हो, मॅडम?" मी नाही म्हटलं की पुढच्या बटणाकडे. सगळी बटणं झाली की माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटाची मूठ ओढून बघायची, कुलूप लागलेलं आहे याची खात्री करायची, आणि मग दाराकडे तोंड करून बसायचं. दाराकडे पाठ करून बसलेले सर मी कधी पाहिले नाहीत.

नेवाशाजवळच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा सर तिथे इतिहास शिकवत होते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. पहिल्या महिन्यात मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आमच्याकडे एक वेडे प्राध्यापक आहेत. दुसऱ्या महिन्यात त्या कपाटात काय आहे ते कळलं. तिसऱ्या महिन्यात मी स्वतः बटणांचा वास घ्यायला लागले होते.

कपाटाच्या खालच्या खणात खाकी कागदात बांधलेले गठ्ठे होते. सरांनी वीस-बावीस वर्षं खपून करत आणलेलं एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर. मूळ लेखक वेस्ट इंडीजमधल्या एका लहानशा बेटावरचा, इंग्रजांचं राज्य असताना जन्मलेला. वडील उसाच्या मळ्यावर वजनकाट्याचे कारकून. मुलाने इंग्रजांच्या शाळेत इंग्रजांचा इतिहास तोंडपाठ केला, आणि मोठेपणी त्या इतिहासात आपली माणसं कुठेच नाहीत असं दिसल्यावर स्वतः लिहायला बसला. शेजारच्या बेटावर उसाच्या मळ्यातल्या गुलामांनी उठाव केला होता, त्याचा इतिहास. गुलामांना कुणी दयाळू गोऱ्याने सोडवलं असं तोवरची पुस्तकं सांगत. याने जुनी दप्तरं उलथीपालथी करून दाखवलं की ते आपले आपण सुटले. त्यापायी त्याला इंग्रजांनी तुरुंगात घातलं, आणि इंग्रज गेल्यावर त्याच्याच माणसांनी काही महिने घरात कोंडून ठेवलं. शेवटी लंडनमध्ये एका खोलीत, थंडीत, पुस्तकांच्या ढिगात तो गेला. आता बेटावर त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्याचं पुस्तक मात्र तिथल्या शाळेत लावलेलं नाही, हे सर मला दर पंधरा दिवसांनी नव्याने सांगत आणि दर वेळी तितकेच कासावीस होत.

त्या लेखकाचं नाव आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसेना. म्हणून सरांनी त्याला बेटकर केलं. "आमचे बेटकर" म्हणायचे. नवीन शिपायाला कित्येक दिवस वाटत होतं की बेटकर हे कोकणातले कुणी प्राध्यापक आहेत आणि कधीतरी व्याख्यानाला येणार आहेत.

सरांना बेटकर भेटले ते भिंगारच्या जुन्या बाजारात. कॉलेजात शिकत असताना रद्दीच्या दुकानात, लष्करातल्या कुणा साहेबाने टाकून दिलेल्या पुस्तकांत. पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची पानं नव्हती. लेखक कोण, बेट कुठलं, काही कळायला मार्ग नाही. सरांनी ते पुस्तक तसंच, बिननावाचं, पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे पुण्यात एका ग्रंथालयात तेच पुस्तक अख्खं सापडलं तेव्हा, सर सांगत, आधी आनंद नाही झाला, भीती वाटली. इतकी वर्षं एकच फाटकी प्रत आपल्याजवळ होती आणि ती एखाद्या पावसाळ्यात भिजली असती तर आपल्याला हा माणूस कळलाच नसता. ती भीती पुढे त्यांना सोडून गेली नाही.

म्हणून भाषांतराच्या तीन प्रती. कार्बन पेपर घालून लिहिलेल्या. घराला आग लागली तर घरची जाईल, प्रवरेला पूर आला तर कॉलेजातली जाईल, म्हणून तिसरी डोंगरात, राजूरला थोरल्या बहिणीच्या ट्रंकेत. दर शनिवारी दुपारी माझ्या टेबलावरून फोन करून ते तिला ट्रंक उघडायला लावत. आक्कांचा आवाज फोनबाहेर ऐकू यायचा.

"आरं, वाळवी लागायला तिला तुझं अक्षर तरी लागाया पायजे ना."

सर हसायचे नाहीत. "खालच्या बाजूने बघ," म्हणायचे.

कॉलेजच्या फाटकासमोर उन्हाळ्यात रसवंती लागायची. सर रस कधी प्यायले नाहीत, पण तिच्यासमोरून सरळ जाणं त्यांना जमायचं नाही. सायकल हातात धरून उभे राहायचे आणि ऊस लावणाऱ्या बाईच्या बोटांकडे बघत राहायचे. बेटावरच्या घाण्यापाशी एक कुऱ्हाड ठेवलेली असायची, असं बेटकरांनी लिहिलं होतं. रात्रंदिवस काम करणाऱ्या गुलामाला डुलकी लागली, हात घाण्यात सापडला, तर घाणा थांबवायचा नाही, हात तोडायचा. ते पान भाषांतरित केल्यापासून सरांना घुंगरांचा आवाज सोसत नसे. एकदा त्यांनी त्या बाईला चाकावर जाळी बसवून घ्यायला सांगितलं. रोज सांगितलं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, सर तुमीच बसवा. सर नेवाशाहून जाळी आणि तार घेऊन आले, आणि इतिहासाच्या प्राध्यापकाने भर दुपारी रस्त्यावर बसून ती बसवली. बोटं त्यांचीच कापली.

निवृत्त झाल्यावरही ते रोज येत राहिले. भाषांतर तेव्हा अकराव्या प्रकरणापर्यंत आलं होतं. एकूण चौदा. मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर, फावल्या वेळात, ते टाईप करू लागले होते. सर शेजारी उभे राहून माझी बोटं बघायचे.

बाराव्या प्रकरणात त्यांचं गाडं अडलं. त्यात एक म्हातारी गुलाम बाई आहे. मुकादम तिच्या मुलीला मारतो, आणि ती काहीतरी बोलते. सरांनी तिच्या तोंडी जे मराठी घातलं होतं ते मला चांगलं वाटलं होतं. सरांना नाही. हंगाम सुरू झाला होता, साखर कारखान्याच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या, पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या होत्या. सर वही घेऊन तिथे गेले आणि एका म्हाताऱ्या बाईला विचारून आले, की तुमच्या लेकीला मुकादमाने मारलं तर तुम्ही काय म्हणाल. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, ती म्हणाली, म्हनायचं काय? गप ऱ्हायाचं, आन ध्यानात ठिवायचं."

मग वही मिटून म्हणाले, "इतकी वर्षं मी या माणसांना प्राध्यापकासारखं बोलायला लावलं."

त्या हंगामात ते रोज माळावर गेले. बारावं प्रकरण सगळं फाडून नव्याने लिहिलं. आणि मी, कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या समितीवर होते म्हणून, त्यातली काही पानं अंकात घेतली. खरं सांगायचं तर मला ती फार आवडली होती. त्यापलीकडे मी विचार केला नाही.

आमच्या भागात कारखाना म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन समजत नाही. कॉलेजची संस्था कारखान्याच्या लोकांची. माझा नवरा कारखान्याच्या शेती खात्यात. आमचं घर कारखान्याच्या वसाहतीत. अंक वाटल्यानंतर आठवड्याने नवऱ्याला त्याच्या साहेबाने विचारलं की तुमच्या मॅडम कॉलेजात हल्ली काय काय टाईप करतात. एवढंच विचारलं. घरी येऊन त्याने मला ते सांगितलं आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. तिथे संस्थेचे एक संचालक बसले होते. हातात अंक. जिथे जिथे मुकादम हा शब्द आला होता तिथे पेन्सिलीची रेघ. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, आपल्या मुकादमांनी कधी कुणाला चाबकानं मारलंय का?"

मी सांगितलं की हे इथलं नाही, समुद्रापलीकडचं आहे, फार जुनं आहे.

"मग तिथलं नाव लिहायचं. आपलं कशाला घातलं?"

मला उत्तर होतं. सर ते शंभरदा देत असत, की दुसरा शब्द मराठीत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे नवऱ्याचं आदल्या रात्रीचं न जेवलेलं ताट होतं. प्राचार्यांनी कागद पुढे केला. मी लिहिलं, सदर मजकुराचा आशय मला ज्ञात नव्हता, मी केवळ टंकलेखन केले आहे. सही केली. अंकाचे उरलेले गठ्ठे परत मागवून कोठीच्या खोलीत टाकले गेले. सरांना ग्रंथालयात येण्याची मनाई झाली, आणि कपाटातलं सामान घेऊन जावं असा निरोप गेला.

ते आले. त्या दिवशी त्यांनी बटणांचा वास घेतला नाही. मी कपाट उघडलं, गठ्ठे काढून दिले, आणि माझ्याच्याने राहवेना म्हणून सांगून टाकलं की मी असं असं लिहून दिलंय.

सर गठ्ठ्याची गाठ तपासत होते. "'ज्ञात' बरोबर लिहिलंत ना?" त्यांनी विचारलं. "त्यांच्या फायलीत राहणार ते."

मग जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, बेटकरांना पकडलं तेव्हा त्यांच्या जिवलग मित्राने असंच लिहून दिलं होतं, की मी या माणसाला ओळखत नाही. पुढे बेटकरांनी एक पुस्तक त्या मित्रालाच अर्पण केलं. मी नंतर बेटकरांविषयी मिळेल ते सगळं वाचलं. असा मित्र कुठेही नाही. असं कुठलंही अर्पण नाही. सायकलवर गठ्ठे बांधता बांधता सरांनी तो माझ्यासाठी तयार केला असणार.

मला त्याने बरं वाटायला हवं होतं. उलट मी सरांना टाळू लागले. बाजारात ते दिसले की मी दुसऱ्या गल्लीने जायचे. फोन वाजला की शिपायाला उचलायला लावायचे. शनिवारी दुपारी टेबलावरचा तो फोन नुसता बघत बसायचे. एकदा मीच राजूरला फोन लावला आणि आक्का बोलल्यावर काही न बोलता ठेवून दिला.

त्यांना भेटायला मी गेले ते रसवंतीच्या बाईने सांगितलं म्हणून. सर पायरी न दिसून पडले होते. त्यांना साखरेचं दुखणं जुनंच होतं. आता ते डोळ्यांत उतरलं होतं. मी दारात उभी राहिले तर त्यांनी विचारलं, कोण. मी बोलले तेव्हा ओळखलं. डोळ्यांच्या कडेने थोडं दिसत होतं, समोरचं काहीच नाही. त्यामुळे ते माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत होते. टेबलावर इंग्रजी पुस्तक उघडं होतं.

"तेरावं संपलं. घाईत झालं, पण संपलं," ते म्हणाले. "चौदावं राहिलंय, मॅडम. मला आता अक्षर दिसत नाही." यात तक्रार नव्हती. एखाद्याला वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

घरी मी नवऱ्याला सांगितलं, मी रोज दुपारी सरांकडे जाणार आहे, इंग्रजी वाचून दाखवायला आणि ते सांगतील ते लिहून घ्यायला. कारखान्यात कळेल ते कळू दे. तो म्हणाला, "तू जा. पर मी आत येनार न्हाई. भाईर थांबतो."

आणि तसा तो थांबायचा. सुट्टीच्या दिवशी, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत, मोटारसायकल भिंतीला लावून ओट्यावर बसायचा, हेल्मेट मांडीवर, रस्त्याने कोण जातंय ते बघत. ओळखीचं कुणी दिसलं की हेल्मेट डोक्यात घालायचा.

काम फार हळू चालायचं. मी एक वाक्य वाचायचे, सर ते तोंडातल्या तोंडात घोळवायचे, मराठी सांगायचे, पुन्हा बदलायचे. सारखे विचारायचे, किती पानं राहिली, आज किती वाजले, तुम्हाला उद्या यायला जमेल ना. एकदा एका शब्दावर दोन दिवस गेले. मळेवाल्याच्या वहीत गुलामांची नोंद माणसं म्हणून नसे, हँड्स म्हणून असे. अमुक इतके हँड्स आले, तमुक इतके मेले.

"हात म्हटलं तर मराठीत कळत नाही," सर म्हणाले. "मजूर म्हटलं की तो माणूस होतो. त्या वहीत माणूस यायलाच नको आहे."

मी वाक्यात त्या शब्दाची जागा कोरी सोडत होते. तेव्हा बाहेरून, ओट्यावरून, नवऱ्याचा आवाज आला.

"कोयते म्हना, सर."

सरांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

तो दारात आला, पण उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. "टोळीत मानसं किती, आसं आमच्याकडं कुनी इचारत न्हाई. कोयते किती, आसं इचारत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आसंल तर आर्धा. रजिस्टरात तसंच लिवत्यात."

सरांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, ते वाक्य पुन्हा म्हणून बघत होते. मग म्हणाले, "आत या. असे इथे बसा." आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून तो आत बसू लागला. परतताना गाडीवर, मागे न बघता, तो मला म्हणाला, "मी सोताच्या हातानं लिवलंय गं, आर्धा कोयता. कितीक वर्सं लिवतोय." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चौदावं प्रकरण उन्हाळा संपता संपता पुरं झालं. शेवटच्या पानावर उठाव झाल्यानंतरची पहिली सकाळ आहे. कामावर बोलावणारी घंटा वाजत नाही, आणि लोक सवयीने उठून बसतात आणि एकमेकांकडे बघतात. सरांनी शेवटचं वाक्य सांगितलं, मी लिहिलं, वाचून दाखवलं. मला वाटलं आता हा माणूस एक मोठा श्वास सोडेल. सर एकदम ताठ बसले.

"आता पहिलं प्रकरण काढा."

मी म्हटलं, सर, पहिलं तर कधीच झालंय.

"ते नगरच्या प्राध्यापकाचं मराठी आहे. ही माणसं बाराव्या प्रकरणात बोलायला लागली. त्याआधी अकरा प्रकरणं त्यांची तोंडं मी बांधून ठेवलीत. असं छापलं तर बेटकर मला काय म्हणतील?"

आम्ही पुन्हा सुरुवात केली. मी वाचायचे, नवरा शब्द सुचवायचा, सर नाही म्हणायचे, मग तोच शब्द घ्यायचे. पावसाळा गेला, हंगाम आला. त्यांची तब्येत खालावत होती आणि त्यांचा वेग वाढत होता. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं संपलं त्या संध्याकाळी त्यांनी मला पाचव्याचं पहिलं वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला.

आक्का राजूरहून आल्या त्या ट्रंक घेऊनच. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "आता तू बघत जा शनिवारी."

पुढचं मी केलं, पण नीट केलं असं म्हणवत नाही. बेटकरांची एक पुतणी हयात आहे. तिला ईमेल लिहिला, उत्तराची वाट बघताना पाच आठवडे झोप लागली नाही. तिने आनंदाने परवानगी दिली, आणि बेटावरच्या वाचनालयासाठी दोन प्रती मागितल्या. पाच ते अकरा ही प्रकरणं बदलण्याचा धीर मला झाला नाही. सरांची होती तशीच ठेवली. नगरच्या एका लहान छापखान्याने थोड्या प्रती काढल्या. आत, टंकलेखन म्हणून माझं नाव घातलं. शब्दसाहाय्य म्हणून नवऱ्याचं नाव त्याने स्वतः घालायला सांगितलं, आणि पुस्तक हातात पडल्यावर तो दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होता. कारखान्यातून अजून कुणी काही विचारलेलं नाही. रोज वाटतं, आज विचारतील.

फोन आला तो वेगळाच. पाथर्डीकडच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा. आईवडील जन्मभर ऊसतोडीला जात होते, ती त्यांच्यामागे कोपीतच वाढली. तिने नमस्कार-चमत्कार केला नाही, सरळ विचारलं, "मॅडम, चौथ्या प्रकरणापर्यंत ही माणसं आमच्यासारखी बोलतात. पाचव्यापासून परक्यासारखी का बोलायला लागली? आणि बाराव्यात परत घरी कशी आली?"

मी सगळं सांगितलं. सर, डोळे, चौथ्या प्रकरणानंतरची ती सकाळ. माझ्या कागदाविषयीही सांगितलं, तिने न विचारता. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "रविवारी येऊ का? आईला घेऊन येते. मधली प्रकरणं ती बोलेल, मी लिहीन. तुम्ही वाचून दाखवा."

रविवारी त्या आल्या. आई लहानखुरी, हिरवं लुगडं, बसल्यावर पाय पोटाशी घेतलेले. तिने पाणी घेतलं, चहा नको म्हणाली. मी आधीच खूण घालून ठेवलेलं पाचवं प्रकरण उघडलं आणि चष्मा लावला. म्हातारी माझ्याकडे बघत होती, घाई नसलेल्या माणसासारखी.

"मधूनच कामून वाचता, बाई?" ती म्हणाली. "आमाला काय ठावं हाय, कोन हायेत ती मानसं. पयल्यापासून वाचा."

मी पहिलं पान काढलं.